चार कोटी फाइल्सचा सर्व्हर आणि जर्नलवर चालणारा इन्क्रिमेंटल बॅकअप

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिझाइनचं काम करणाऱ्या एका कंपनीचा विंडोज फाइल सर्व्हर आहे. एकाच एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइल सिस्टम) व्हॉल्यूमवर, म्हणजे एकाच ड्राइव्हवर, सुमारे ४० टीबी डेटा, आणि फाइल्स व फोल्डर मिळून ३.८६ कोटी. बॅकअपला आयबीएमचं सॉफ्टवेअर आहे. आधी ते टिव्होली स्टोरेज मॅनेजर होतं, २०१५ पासून स्पेक्ट्रम प्रोटेक्ट झालं आणि २०२३ पासून स्टोरेज प्रोटेक्ट, पण आपण सगळे अजून टीएसएमच म्हणतो. इन्क्रिमेंटल, म्हणजे फक्त बदललेल्या फाइल्सचा बॅकअप, रात्री नऊला सुरू होतो आणि सकाळी आठपर्यंत चालतो. एवढं होऊन सर्व्हरकडे जातात फक्त ५८ जीबी. अशा ठिकाणी जर्नल, म्हणजे कोणत्या फाइल्स बदलल्या याची सतत चालणारी नोंदवही, चालू करावं का, आणि केलं तर त्याच्यावर किती विसंबावं?

माझं उत्तर: चालू करा, तुमच्या आकड्यांना ते अगदी योग्य आहे. पण ज्या दिवशी चालू कराल त्याच दिवशी पुढचा पूर्ण स्कॅन, म्हणजे जर्नल बाजूला ठेवून प्रत्येक फाइल तपासणारा बॅकअप, कधी होणार तेही वेळापत्रकात लिहून टाका. हा दुसरा भाग गाळून केलेला जर्नलचा बॅकअप मी कोणालाही सुचवत नाही. त्याची कारणं खाली सविस्तर येतील.

आधी खात्री करून घेऊ की दुखणं खरंच तिथेच आहे. तुम्ही पाठवलेल्या लॉगच्या शेवटी जी आकडेवारी छापली आहे, तिच्यातल्या चार ओळी महत्त्वाच्या आहेत. तपासलेल्या वस्तू ३ कोटी ८६ लाख, बॅकअप झालेल्या १ लाख ४२ हजार, डेटा ट्रान्सफरचा वेळ साधारण १८ मिनिटं, एकूण वेळ ११ तास. म्हणजे ५८ जीबी पाठवायला १८ मिनिटं लागली आणि उरलेली रात्र 'काय बदललं?' एवढं शोधण्यात गेली. तपासणीचा वेग काढला तर सेकंदाला हजाराच्या आसपास फाइल्स येतो. नेटवर्क बदलून, टेप किंवा डिस्क पूल वाढवून यात काहीही फरक पडणार नाही. हेच जर उलटं असतं, म्हणजे ११ तासांपैकी १० तास डेटा पाठवण्यात जात असते, तर जर्नलने तुमचं एक मिनिटही वाचवलं नसतं. कोणीही जर्नलचा विचार करण्याआधी या चार ओळी बघाव्यात.

इतका वेळ का लागतो तेही समजून घ्या. टीएसएमचा रोजचा इन्क्रिमेंटल असा चालतो: क्लायंट, म्हणजे तुमच्या फाइल सर्व्हरवरचा टीएसएमचा प्रोग्राम, बॅकअप सर्व्हरकडून त्या व्हॉल्यूमवरच्या सगळ्या सक्रिय फाइल्सची यादी मागवून घेतो, मग डिस्कवरचं एकेक फोल्डर उघडून आकार, तारीख, परमिशन त्या यादीशी ताडून बघतो. ही यादी मेमरीत राहते. आयबीएमच्या कागदपत्रांत सरासरी ३०० बाइट प्रति वस्तू असा हिशेब दिलेला आहे. ३.८६ कोटींना ३०० ने गुणलं की साडेअकरा जीबी होतात. तुमच्या सर्व्हरला १६ जीबी रॅम आहे, म्हणजे रात्री विंडोज पेजफाइलवर (मेमरी कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) आदळत असणार. दुसरीकडे एनटीएफएस प्रत्येक फाइलसाठी एमएफटीमध्ये (व्हॉल्यूमवरच्या सगळ्या फाइल्सची मुख्य सूची) सामान्यतः १ केबीची नोंद ठेवतं, म्हणजे तुमची एमएफटीच ३७-३८ जीबीची आहे. ती कॅशमध्ये मावत नाही, त्यामुळे फिरत्या डिस्कवर हजारो छोटे छोटे रँडम रीड होतात. रॅम वाढवल्याने थोडा आराम पडेल. मेमरी-एफिशिअंट बॅकअपच्या पर्यायात डिस्क कॅशची पद्धत निवडली तर मेमरीचा ताण जाईल, वेळ मात्र फारसा कमी होणार नाही. कधी कधी 'तारखेनुसार इन्क्रिमेंटल' सुचवला जातो. तो घेऊ नका. डिलीट झालेल्या फाइल्स त्याला कळत नाहीत, आणि जुनी तारीख घेऊन आलेली नवी फाइल त्याच्या नजरेतून निसटते.

आता जर्नल. इथे एक गोंधळ नेहमी होतो. एनटीएफएस किंवा लिनक्सच्या ईएक्सटी४ ला आपण 'जर्नलिंग फाइल सिस्टम' म्हणतो, ते जर्नल वेगळं. ते वीज गेल्यावर फाइल सिस्टम सुसंगत राहावी म्हणून असतं, आणि काही वेळातच पुन्हा लिहिलं जातं. बॅकअपला त्याचा उपयोग नाही. बॅकअपला लागते ती बदलांची नोंद, आणि विंडोजवर ती मिळवायच्या दोन वाटा आहेत. तुम्ही कोणत्या वाटेवर आहात यावर पुढची सगळी काळजी ठरते.

पहिली वाट म्हणजे एनटीएफएसचं स्वतःचं चेंज जर्नल, म्हणजे यूएसएन जर्नल. विंडोज २००० पासून ते आहे. फाइल सिस्टमच ते लिहिते, त्यामुळे बॅकअपची सर्व्हिस बंद असली, सर्व्हर रीस्टार्ट झाला, तरी नोंदी होत राहतात. नेटबॅकअपचा अ‍ॅक्सिलरेटर आणि कॉमव्हॉल्ट ही दुसऱ्या कंपन्यांची बॅकअप सॉफ्टवेअर या जर्नलचा वापर करू शकतात. दुसरी वाट म्हणजे एक सर्व्हिस कायम चालू ठेवायची, तिने विंडोजला सांगायचं की या ड्राइव्हवर काही बदललं की मला कळव, आणि येणाऱ्या सूचना तिने स्वतःच्या डेटाबेसमध्ये लिहायच्या. टीएसएमची जर्नल सर्व्हिस या दुसऱ्या पद्धतीने चालते. त्यामुळे यूएसएन जर्नल रीस्टार्टमधून सुखरूप बाहेर येतं हे कुठे वाचून टीएसएमबद्दलही तेच गृहीत धरू नका.

टीएसएमची सर्व्हिस फाइलमागे एक नोंद ठेवते. एकच ड्रॉइंग दिवसातून चाळीस वेळा सेव्ह झालं तरी नोंद एकच राहते, हे चांगलं आहे. पण विंडोजकडून येणाऱ्या सूचना आधी एका बफरमध्ये पडतात, आणि सर्व्हिसने तो वेळेत उपसला नाही तर बफर भरतो. भरला की विंडोज त्यातल्या सगळ्या सूचना टाकून देतं आणि फक्त एवढंच सांगतं की काहीतरी बदललंय, तुम्हीच सगळं मोजून बघा. कोणत्या फाइल्सच्या सूचना गेल्या हे मग कोणालाच सांगता येत नाही. अशा वेळी सर्व्हिस त्या व्हॉल्यूमचं जर्नल रद्द ठरवते आणि पुढचा बॅकअप आपोआप पूर्ण स्कॅनने होतो. ही वागणूक बरोबरच आहे. अर्धवट माहितीवर पुढे जाण्यापेक्षा सगळं पुन्हा मोजलेलं बरं. पण हे आठवड्यातून दोनदा होत असेल तर जर्नलचा फायदा उरत नाही, आणि मग लोक म्हणतात की जर्नल चालत नाही. बफरचा आकार टीएसएमजेबीबीडी डॉट आयएनआय या फाइलमध्ये नोटिफायबफरसाइज आणि डिरनोटिफायबफरसाइज या दोन नावांनी वाढवता येतो. फाइल्ससाठी वेगळा आणि फोल्डरसाठी वेगळा. तुमच्यासारख्या व्हॉल्यूमला मी मूळ आकारावर कधीच थांबत नाही.

त्याच फाइलमध्ये वगळायच्या गोष्टींची यादी असते, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा या यादीत आहे. ऑफिसच्या टेंपररी फाइल्स, कॅड सॉफ्टवेअरच्या लॉक आणि ऑटोसेव्ह फाइल्स, अँटिव्हायरसचे आणि इतर सॉफ्टवेअरचे सतत लिहिले जाणारे लॉग यांचा बॅकअप तुम्ही तसाही घेत नाही. पण बॅकअपमधून वगळल्या म्हणून त्या जर्नलमधून आपोआप वगळल्या जात नाहीत. दोन्ही याद्या वेगळ्या आहेत. जर्नलचा डेटाबेस ज्या व्हॉल्यूमवर लक्ष ठेवायचं आहे त्याच्यावर ठेवूच नका, वेगळी ड्राइव्ह द्या. नाहीतर, डेटाबेसच्या फाइल्स वगळलेल्या नसतील तर, डेटाबेसमधला प्रत्येक बदल हाही एक बदल म्हणून नोंदला जाईल.

'सर्व्हिस थांबली तरी डेटाबेस राखून ठेव' असा एक पर्याय आहे, त्याबद्दल थांबून सांगतो. मूळ सेटिंगमध्ये तो बंद असतो. त्यामुळे सर्व्हर रीस्टार्ट झाला की जर्नल रद्द होतं आणि पुढची रात्र पूर्ण स्कॅनमध्ये जाते. दर महिन्याला विंडोजचे पॅच टाकून रीस्टार्ट करणाऱ्याला याचा कंटाळा येतो आणि तो हा पर्याय चालू करतो. चालू केला की रीस्टार्टनंतरही जर्नल वैध राहतं, पण सर्व्हिस थांबल्यापासून पुन्हा उठेपर्यंत जे बदल झाले ते कोणीच टिपलेले नसतात. क्लस्टरमध्ये (एकमेकांची जागा घेऊ शकणारे जोडलेले सर्व्हर) डिस्क एका नोडवरून, म्हणजे एका सर्व्हरवरून, दुसऱ्यावर जाते तेव्हाही अशीच फट राहते. मी हा पर्याय क्लस्टरवर चालू ठेवतो, आणि तोही पूर्ण स्कॅन ठराविक दिवशी होतोच आहे अशी खात्री असेल तिथेच. तुमच्या एकट्या सर्व्हरवर तो बंदच राहू द्या. पॅचनंतरच्या रात्री पूर्ण स्कॅन झाला तर बिघडत काहीच नाही, उलट तुमची महिन्याची पडताळणी होऊन जाते. पॅच शनिवारी टाका म्हणजे स्कॅनला रविवार मोकळा मिळेल.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांचं सॉफ्टवेअर यूएसएन जर्नल वापरतं त्यांची काळजी वेगळी आहे. तिथे फट राहत नाही, पण जर्नलला आकाराची मर्यादा असते आणि ती भरली की जुन्या नोंदी पुढून कापल्या जातात. बॅकअप सॉफ्टवेअर मागच्या वेळी कोणत्या क्रमांकापर्यंत वाचलं ते लक्षात ठेवतं. पुढच्या वेळी तो क्रमांक जर्नलमधल्या पहिल्या क्रमांकाच्याही मागे पडलेला दिसला तर मधल्या नोंदी गेल्या असं समजून पूर्ण स्कॅन करावा लागतो. कमांड प्रॉम्प्टवर 'एफएसयूटिल यूएसएन क्वेरीजर्नल' ही कमांड ड्राइव्हच्या अक्षरासह चालवा. जर्नलचा आयडी, पहिला क्रमांक, पुढचा क्रमांक आणि कमाल आकार दिसेल. कमाल आकार हेक्समध्ये असतो. दोनावर सहा शून्यं दिसली तर तो ३२ एमबी आहे.

३२ एमबी पुरतात का, हा हिशेब कागदावर करता येतो. एका नोंदीचा ठराविक भाग ६० बाइटचा असतो. त्याला जोडून फाइलचं नाव येतं, प्रत्येक अक्षराला दोन बाइट. नाव वीस अक्षरी असेल तर नोंद साधारण १०४ बाइटची होते. म्हणजे ३२ एमबीत सव्वातीन लाखांच्या आसपास नोंदी मावतात. पण एका फाइलमागे एकच नोंद नसते. फाइल तयार झाली, वाढली, बंद झाली, नाव बदललं, याच्या वेगवेगळ्या नोंदी होतात. दिवसाला दोन लाख फाइल्स बदलत असतील आणि प्रत्येकीमागे चार नोंदी धरल्या तर रोजचे ८३ एमबी झाले. ३२ एमबीचं जर्नल दुपारच्या जेवणापर्यंत भरून वाहतं, आणि तुमचा 'जर्नलवरचा' बॅकअप प्रत्यक्षात रोज पूर्ण स्कॅन करत असतो. मी नेहमी किमान सात दिवस पुरेल एवढा आकार ठेवतो, कारण दिवाळीच्या सुट्टीत बॅकअप अडकला आणि चौथ्या दिवशी कोणी बघितलं तरी नोंदी शिल्लक असायला हव्यात. वरच्या हिशेबाने ५८० एमबी होतात, तिथे सरळ १ जीबी द्या. ४० टीबीच्या व्हॉल्यूमवर १ जीबी काहीच नाही. आकार वाढवायला 'क्रिएटजर्नल' हीच कमांड नव्या आकड्याने पुन्हा चालवायची, आधीचं जर्नल पुसावं लागत नाही. 'डिलीटजर्नल' मात्र चालवू नका. त्याच जर्नलवर डीएफएस रेप्लिकेशन आणि विंडोज सर्चही चालतात, त्यांनाही सगळं पुन्हा मोजायला लावाल. आणखी एक, कोणाला जर्नलची फाइल शेकडो जीबीची दिसून घाबरायला होतं. ती स्पार्स फाइल असते. दिसणारा आकार वाढत जातो, डिस्कवर घेतलेली जागा मर्यादेतच राहते.

आता जर्नल कुठे गोत्यात आणतं ते सांगतो, कारण भरवशाचा प्रश्न खरा इथे आहे.

सगळ्यात वरचं फोल्डर. समजा कोणी 'प्रोजेक्ट २०२३' चं नाव बदलून 'प्रोजेक्ट २०२३ जुने' केलं आणि आत सहा लाख फाइल्स आहेत. एनटीएफएसच्या दृष्टीने बदल एकाच फोल्डरचा झाला. यूएसएन जर्नलमध्ये जुन्या आणि नव्या नावाच्या नोंदी त्या फोल्डरपुरत्याच होतात, आतल्या सहा लाख फाइल्सची एकही नोंद होत नाही. पण त्यांचा पाथ तर बदलला. यूएसएनच्या नोंदीत पूर्ण पाथ नसतोच, फाइलचा क्रमांक, पालक फोल्डरचा क्रमांक आणि नाव एवढंच असतं. पाथ बॅकअप सॉफ्टवेअरला स्वतः जोडावा लागतो. चांगलं सॉफ्टवेअर हे ओळखून ते झाड खालपर्यंत उतरून बघतं. तुमचं सॉफ्टवेअर काय करतं हे माहितीपत्रकावरून ठरवू नका. एक चाचणीचं फोल्डर घ्या, त्याचं नाव बदला, बॅकअप होऊ द्या आणि नव्या नावाखाली सगळ्या फाइल्स रिस्टोअर होतात का ते बघा. टीएसएममध्ये पाथ बदलला की फाइल नवीन ठरते, म्हणून त्या सहा लाख फाइल्स पुन्हा वाचल्या आणि पाठवल्या जाणार. सर्व्हरवर डीडुप्लिकेशन (सारखा डेटा एकदाच साठवणं) असेल तर जागा वाचेल, वाचनाचा वेळ वाचणार नाही. मोठ्या फोल्डरची नावं बदलणं, हलवणं हे शुक्रवारी संध्याकाळीच करायचं असा नियम डिझाइन विभागाला घालून द्या.

परमिशनचं याच्या उलट आहे. मुळाशी असलेल्या फोल्डरवर एक ग्रुप जोडला की वारशाने ती परमिशन खालच्या प्रत्येक फाइलवर लिहिली जाते आणि प्रत्येक फाइलची नोंद होते. तुमच्या चार कोटी फाइल्सवर हे केलं तर यूएसएनमध्ये किमान ४ जीबीच्या नोंदी होतील, म्हणजे १ जीबीचं जर्नल नक्की ओसंडणार. टीएसएममध्येही बफर भरणार. हे टाळता येत नाही, फक्त वेळ निवडता येते. असा बदल करायचा असेल तेव्हा त्या रात्रीचा बॅकअप पूर्ण स्कॅननेच होणार असं धरून चाला.

तिसरी गोष्ट धोरणांची आहे आणि ती सहसा कोणी सांगत नाही. तुम्ही वगळण्याच्या यादीत नवीन ओळ टाकली, किंवा काही फाइल्सना वेगळा मॅनेजमेंट क्लास (प्रती किती आणि किती दिवस ठेवायच्या याचा नियम) दिला, तर त्या फाइल्स स्वतः बदललेल्या नसतात. जर्नलमध्ये त्यांची नोंद नाही, म्हणून जर्नलचा बॅकअप त्यांच्याकडे बघतही नाही. आता वगळलेल्या फाइल्सच्या प्रती सर्व्हरवर सक्रिय म्हणून तशाच राहतात, नवीन क्लास लागू होत नाही. पूर्ण स्कॅन झाला की दोन्ही गोष्टी मार्गी लागतात. ऑडिटमध्ये 'सात वर्षं जतन' असं लिहून दिलं असेल आणि क्लास बदलून महिने झाले तरी लागूच झालेला नसेल, तर तो लहान प्रश्न राहत नाही.

नोंद हुकली तर परिणाम दोन प्रकारचे होतात. डिलीट हुकलं तर रिस्टोअरनंतर मेलेल्या फाइल्स परत येतात. त्रास होतो, डेटा जात नाही. बदल हुकला तर रिस्टोअरमध्ये जुनी आवृत्ती येते, कोणताही एरर न देता. लॉग हिरवा, फाइल उघडते, ड्रॉइंग दिसतं, फक्त ते मागच्या आठवड्याचं असतं. याच एका शक्यतेसाठी मी पूर्ण स्कॅनचा आग्रह धरतो. दुकानदार रोजची आवक-जावक वहीत लिहितो, तरी वर्षातून एकदा फडताळं उघडून माल मोजतोच. आणि हे फक्त फाइल पातळीवरच्या जर्नलचं दुखणं नाही. व्हर्च्युअल सर्व्हर चालवणाऱ्या व्हीएमवेअरच्या बदललेले ब्लॉक (डिस्कचे तुकडे) टिपणाऱ्या सोयीतही २०१४ मध्ये दोष जाहीर झाला होता. व्हर्च्युअल डिस्क १२८ जीबीची सीमा ओलांडून वाढवली असेल तर बदललेल्या ब्लॉक्सची यादी चुकीची येऊ शकत होती. मागोवा घेणारी कोणतीही यंत्रणा कधीतरी चुकू शकते हे धरूनच बॅकअपची आखणी करायला हवी.

न्यायाने हेही सांगायला हवं की स्कॅनसुद्धा चुकतो. तारीख आणि आकार दोन्ही न बदलता आतला मजकूर बदलला तर साध्या स्कॅनला तो दिसत नाही. व्हेराक्रिप्टचा कंटेनर, म्हणजे आत अनेक फाइल्स ठेवणारी एक एन्क्रिप्ट केलेली फाइल, हे नेहमीचं उदाहरण आहे. त्याचा आकार ठरलेला असतो, आणि मूळ सेटिंगमध्ये तो फाइलची बदलाची तारीख जशीच्या तशी ठेवतो. महिनोन्‌महिने त्याचा बॅकअप झालेला नसतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. इथे यूएसएन जर्नल सरस ठरतं, कारण डेटा लिहिला गेला याची नोंद तारखेवर अवलंबून नसते. तुमच्या व्हॉल्यूमवर असे कंटेनर असतील तर तारीख राखण्याचा पर्याय आधी बंद करायला लावा.

पूर्ण स्कॅन किती वेळा? तुमच्याकडे ११ तास लागतात, तर दर रविवारी सहज बसेल. टीएसएममध्ये इन्क्रिमेंटलला 'नोजर्नल' हा पर्याय जोडून वेगळं वेळापत्रक करा. ज्यांचा स्कॅन दोन दिवस चालतो त्यांनी महिन्यातून एकदा तरी करावा, आणि तो कमी वेळात बसावा म्हणून व्हॉल्यूम तोडावेत. टीएसएमचा क्लायंट वेगवेगळे व्हॉल्यूम समांतर तपासू शकतो, एकाच व्हॉल्यूमच्या आत तसं होत नाही. ४० टीबी एकाच ड्राइव्हवर ठेवण्याऐवजी विभागवार पाच-सहा व्हॉल्यूम केले असते, हवं तर माउंट पॉइंटने (व्हॉल्यूम एखाद्या फोल्डरसारखा जोडून) एकाच अक्षराखाली जोडले असते, तर स्कॅनही झटपट झाला असता आणि एका व्हॉल्यूमचं जर्नल रद्द झालं तरी बाकीच्यांची रात्र वाया गेली नसती. पुढचं स्टोरेज घ्याल तेव्हा हे नक्की करा. नेटबॅकअपमध्ये याच कामासाठी फोर्स्ड रीस्कॅन आहे, तोही वेळापत्रकात घालून ठेवा.

लिनक्स आणि नासबद्दल (नेटवर्कवर जोडलेलं स्वतंत्र स्टोरेज) थोडंच. लिनक्सवर बदलांच्या सूचना देणारं आयनोटिफाय प्रत्येक फोल्डरवर वेगळी नजर ठेवतं, लाखो फोल्डर असले की ते झेपत नाही, आणि त्याचीही रांग भरून वाहू शकते. तिथे झेडएफएस किंवा बीटीआरएफएस ही फाइल सिस्टम असेल तर दोन स्नॅपशॉटमधला (ठराविक क्षणाच्या स्थितीची प्रत) फरक पाठवणं हा खूपच भक्कम मार्ग आहे, कारण काय बदललं हे फाइल सिस्टमच्या रचनेतच लिहिलेलं असतं, वेगळी नोंदवही लागत नाही. नासवरचा शेअर विंडोजला मॅप करून त्यावर जर्नल चालवायचा विचार सोडून द्या. जर्नल स्थानिक व्हॉल्यूमपुरतं आहे. नेटअ‍ॅपचा नास असेल तर त्यातली दोन स्नॅपशॉटमधला फरक सांगणारी स्नॅपडिफ ही सोय बघा.

रिस्टोअरबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मला ते बोलल्याशिवाय उत्तर पूर्ण वाटत नाही. जर्नलने बॅकअपची रात्र तासाभरावर येईल. रिस्टोअर एका मिनिटानेही कमी होणार नाही. चार कोटी फाइल्स परत लिहिताना सेकंदाला ५०० फाइल्स तयार झाल्या तरी २२ तास लागतात. ४० टीबी सेकंदाला ६०० एमबीने आणले तर साडेअठरा तास, आणि १ गिगाबिटच्या तारेवर सेकंदाला १०० एमबीने साडेचार दिवसांहून जास्त. व्यवस्थापनाला हे आकडे आजच लेखी द्या. एवढं थांबणं परवडणार नसेल तर सर्व्हर व्हर्च्युअल करून ब्लॉक पातळीवरचा इमेज बॅकअपही घ्या. त्याला फाइल्सची संख्या जाणवत नाही. संपूर्ण व्हॉल्यूम गेला तर इमेज, आणि 'माझी परवाची फाइल द्या' म्हणणाऱ्यासाठी फाइल पातळीचा बॅकअप, असे दोन्ही असलेले बरे. आणि रॅन्समवेअरने दोन लाख फाइल्स एन्क्रिप्ट केल्या तर जर्नल त्या प्रामाणिकपणे बदललेल्या म्हणून टिपेल आणि बॅकअप त्यांना उचलेल, म्हणून जुन्या आवृत्त्या किती दिवस राहतात ते तपासा. रोज बॅकअप होणाऱ्या फाइल्सचा आकडा नेहमीच्या १ लाख ४२ हजारांवरून अचानक दुप्पट झाला तर सकाळी कोणाला तरी मेल जाईल एवढी सोय करून ठेवा.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. रॅम ३२ जीबी करा, कारण रविवारच्या स्कॅनला ती लागणारच आहे. वगळण्याची यादी आणि बफर ठरवून जर्नल सर्व्हिस सुरू करा. मग संपूर्ण व्हॉल्यूमचा एक पूर्ण इन्क्रिमेंटल शेवटपर्यंत जाऊ द्या. फक्त काही फोल्डरचा, मध्येच थांबवलेला किंवा निवडक बॅकअप चालत नाही, त्याशिवाय जर्नल वैध होत नाही. नोडचं नाव (बॅकअप सर्व्हरवर तुमच्या मशीनचं नोंदलेलं नाव) किंवा बॅकअप सर्व्हर बदलला तरी हे पुन्हा करावं लागतं. दुसऱ्या रात्री लॉगमध्ये त्या ड्राइव्हसाठी जर्नल वापरतो आहे अशी ओळ येते का ते बघा. ती नसेल तर बॅकअप यशस्वी दिसला तरी तो जुन्याच पद्धतीने झालेला आहे. ही ओळ रोज शोधणारी छोटी स्क्रिप्ट लावा.

मग पहिल्या रविवारच्या पूर्ण स्कॅनचा लॉग नीट वाचा. शनिवारी रात्रीचा जर्नल बॅकअप संपल्यापासून स्कॅन सुरू होईपर्यंत सर्व्हरवर जवळजवळ कोणी काम करत नसेल, तर स्कॅनने नव्याने उचललेल्या फाइल्स मोजक्या असायला हव्यात. शुक्रवारी किंवा त्याआधी बदललेली एखादी फाइल रविवारी पहिल्यांदाच उचलली गेली असेल, तर ती जर्नलने सोडलेली आहे. तिचा पाथ घ्या, तिची तारीख घ्या, आणि जर्नल सर्व्हिसच्या एरर लॉगमध्ये त्या वेळेला काय लिहिलंय ते शोधा. बहुतेक वेळा तिथे सर्व्हिस थांबल्याची किंवा डिस्क भरल्याची नोंद सापडते. सलग चार रविवार अशी एकही फाइल निघाली नाही तर रोजचं काम जर्नलवर सोडायला हरकत नाही. निघत राहिली आणि कारण सापडलं नाही, तर आठवड्यात मध्ये बुधवारचा आणखी एक पूर्ण स्कॅन घाला आणि लॉग घेऊन विक्रेत्याच्या सपोर्टकडे जा.